'कुंदन' (१९५५) : पावाची चोरी आणि कलम ७५

दिग्दर्शक-अभिनेते सोहराब मोदींचं नाव निघालं की 'पुकार', 'सिकंदर' आणि फार तर 'मिर्झा गालिब' आठवतात. १९५५चा 'कुंदन' जुन्या सिनेमांच्या दर्दी लोकांनाही चटकन सुचत नाही. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ सालच्या 'ले मिझराब्ल'वरून घेतलेली ही गोष्ट. नायक स्वतः मोदी, सोबत निम्मी, प्राण आणि त्याच वर्षी 'रेल्वे प्लॅटफॉर्म'मधून पुढे आलेला सुनील दत्त. संगीत 'मिर्झा गालिब'च्याच गुलाम मोहम्मद यांचं.

न्याय हा मोदींचा जुना विषय. १९३९च्या 'पुकार'मध्ये नूरजहाँच्या बाणानं धोबी मरतो आणि धोबीण थेट जहांगीरकडे दाद मागते. तिथे निदान बादशहा ऐकून तरी घेतो. 'कुंदन'मध्ये भुकेल्याचं ऐकायला दरबार नाही. कायद्याचं पुस्तक आणि ते पाठ असलेला पोलीस, एवढंच.

ह्यूगोच्या कादंबरीत पाव चोरल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा होते आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळे ती १९ वर्षांवर जाते. आपल्याकडे हे अतिरंजित वाटायचं कारण नव्हतं. १८६०च्या दंड संहितेत साध्या चोरीला, कलम ३७९खाली, तीन वर्षांपर्यंत कैद होती. पण त्यानंतर पुन्हा चोरी केली की कलम ७५ लागू होऊ शके. मग दहा वर्षांपर्यंत कैद किंवा थेट जन्मठेप काळं पाणी. 'काळ्या पाण्या'ची ही तरतूद कायद्यातून १९५६च्या आरंभी गेली, म्हणजे सिनेमा आला तेव्हा ती कागदावर होतीच.

कादंबरीतल्यासारखं सुटलेल्या कैद्याला सतत ओळख द्यायला लावणंही इथल्या लोकांना नवं नव्हतं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं तर जन्मालाच गुन्हा चिकटवला होता. पोलिसांकडे हजेरी, परवान्याशिवाय गावाबाहेर पाऊल नाही. सोलापूरला तर अशा कुटुंबांसाठी तारेच्या कुंपणातली अख्खी सेटलमेंट होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला देशभर रद्द झाला, 'कुंदन'च्या जेमतेम तीन वर्षं आधी. माझ्या मते या सिनेमाला नुसतं 'फ्रेंच कादंबरीचं रूपांतर' म्हणून बाजूला सारणं म्हणूनच अपुरं आहे.

पहिल्याच गुन्ह्यात तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची सोय वाढवणारा प्रोबेशनचा केंद्रीय कायदा १९५८ला आला. कलम ७५ मात्र गेलेलं नाही. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १३ म्हणून आहे.