कमाल फी कायद्यात होती, किमान फी कधीच नव्हती

“साहेब, दुसरे बाराशेत करून देतात. तुम्ही बघा काय ते.” व्हॅल्युएशनच्या, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवून रिपोर्ट देण्याच्या, कामात असलेल्या बहुतेकांनी हे वाक्य कधी ना कधी बँकेच्या शाखेतून ऐकलेलं असतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या ‘दुसऱ्या’चा फार राग आला. तो माझ्याच कॉलेजचा, मला बराच ज्युनिअर इंजिनिअर निघाला. भेटल्यावर म्हणाला, “सर, मी सोडलं असतं तर तिसऱ्याने हजारात उचललं असतं.” त्याचं म्हणणं खरं होतं. व्हॅल्युअर एकमेकांची फी का पाडतात हे समजून घ्यायचं असेल, तर माणसांचे स्वभाव बाजूला ठेवून थोडा इतिहास बघावा लागतो.

आपल्याकडे हा व्यवसाय वाढला तो करांमुळे. 1953 साली इस्टेट ड्युटी, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरचा कर, आली, 1957 साली संपत्तीकर आला. वाडा असो, चाळ असो की बंगला, त्याची किंमत दरवर्षी किंवा वारसाहक्काच्या वेळी कागदावर मांडणं भाग पडलं. मालक एक आकडा सांगायचा, आयकर खातं दुसरा धरायचं, आणि भांडण वर्षानुवर्षं चालायचं. काळ्या पैशाच्या प्रश्नावर नेमलेल्या वांच्छू समितीचा अहवाल 1971 मध्ये आला, आणि 1972 च्या दुरुस्तीने संपत्तीकर कायद्यात कलम 34 एबी घातलं गेलं. ‘नोंदणीकृत मूल्यनिर्धारक’ ही ओळख तिथून सुरू झाली. स्थावर मालमत्तेसाठी स्थापत्य अभियंते आणि वास्तुविशारद, तेही पदवीच्या जोडीला पुरेसा अनुभव असलेलेच या यादीत येत.

फीचा उल्लेखही याच कायद्याच्या नियमांत होता. नियम 8सी प्रमाणे पहिल्या 5 लाखांवर अर्धा टक्का, पुढच्या 10 लाखांवर एक पंचमांश टक्का, त्यापुढच्या 40 लाखांवर एक दशांश टक्का आणि उरलेल्या रकमेवर एक विसांश टक्का. 50 लाखांच्या मालमत्तेचा हिशेब केला तर 2,500 अधिक 2,000 अधिक 3,500, म्हणजे 8,000 रुपये. मात्र ही कमाल मर्यादा होती. नोंदणीच्या वेळीच व्हॅल्युअरकडून लिहून घेतलं जाई की यापेक्षा जास्त फी घेणार नाही. सरकारला काळजी करदात्याची होती. व्हॅल्युअर फी वाढवतील ही भीती कायदा करणाऱ्यांना होती. ते फी पाडतील, असं त्यांच्या मनातही आलं नसावं.

आणि त्या काळात ते मनात न येणं बरोबरही होतं. रिपोर्ट करून घेणारा, पैसे देणारा आणि रिपोर्ट चुकला तर भुर्दंड सोसणारा माणूस तेव्हा एकच होता. अधिकाऱ्यासमोर टिकणार नाही असा स्वस्त रिपोर्ट घेऊन त्याला काय करायचं होतं? दोन हजार वाचवायचे आणि कर भरायचा कितीतरी पट जास्त, असा व्यवहार कोणी करत नाही. म्हणून नावाला कमाल असलेला दर व्यवहारात चालू दरासारखा वापरला जाई. मला तरी या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

पुढे पायाच निघून गेला. इस्टेट ड्युटी 1985 मध्ये बंद झाली. 1993 पासून संपत्तीकराची व्याप्ती आकसली आणि 2015 च्या अर्थसंकल्पात तो रद्दच झाला. करापोटी उरलं ते मुख्यतः भांडवली नफ्याचं काम. जुना वाडा विकायला निघालेलं कुटुंब नफा मोजण्यासाठी 1 एप्रिल 1981 ची किंमत काढून घ्यायला येई. 2017 च्या वित्त कायद्यानंतर ती तारीख 1 एप्रिल 2001 झाली.

मधल्या काळात घरकर्जाचा बाजार वाढला आणि व्हॅल्युअर कर सल्लागाराच्या ओळखीतून निघून बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे तिच्या मान्यताप्राप्त यादीत, गेला. इथे तिघांची फारकत झाली. काम देते बँक, पैसे जातात कर्जदाराच्या खिशातून ‘लीगल-टेक्निकल’ शुल्काच्या नावाखाली, आणि रिपोर्ट चुकला तर ते कळतं काही वर्षांनी, कर्ज थकल्यावर. शाखेतल्या माणसाला आज दिसतात दोनच गोष्टी: फी किती आणि रिपोर्ट किती तासांत. जानेवारी 2007 मध्ये रिझर्व्ह बँकेने मूल्यांकनाचं धोरण आणि व्हॅल्युअरांचं पॅनेल याबद्दल बँकांना सूचना दिल्या. 50 कोटी किंवा त्याहून मोठ्या मालमत्तेला किमान दोन स्वतंत्र अहवाल हवेत, हे त्यातलंच. 2011 मध्ये राष्ट्रीय आवास बँक आणि भारतीय बँक संघाने मिळून मूल्यांकनाची कार्यपुस्तिका काढली. पण नियम 8सी चा तक्ता पॅनेलच्या कामाला लागू नव्हता. प्रत्येक बँकेने आपापला दर लावला, काहींनी टेंडर काढून सर्वांत कमी बोली घेतली. नंतर देशभर जाळं असलेल्या कंपन्या आल्या. त्या बँकेकडून एकगठ्ठा काम घेतात, आपला वाटा काढतात आणि उरलेल्यात गावातल्या इंजिनिअरला पाठवतात.

कमी फीत नेमकं काय गळतं, हे एका साध्या फ्लॅटवर दाखवतो. इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा), मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र आधी वाचायचं. जागेवर जाऊन चतुःसीमा जुळवायची, विंग आणि मजला खात्रीने ओळखायचा, वीज मीटरवरचं नाव बघायचं, प्रत्येक खोली मोजून कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ, काढायचं. मग त्याच इमारतीतले किंवा शेजारचे अलीकडचे नोंदलेले व्यवहार शोधायचे, रेडी रेकनरशी, म्हणजे सरकारी दरपत्रकाशी, ताडून बघायचे आणि मग लिहायला बसायचं. नीट केलं तर यात अर्धा दिवस जातो, तालुक्याच्या गावी पूर्ण दिवस. फी निम्म्यावर आली की प्रथम जातो व्यवहारांचा शोध, मग मोजणी. शेवटी एखादा मुलगा मोबाइलवर चार फोटो काढून आणतो आणि बाकीचं ऑफिसात जुन्या रिपोर्टवरून भरलं जातं. बी विंगमधल्या 302 ऐवजी सी विंगमधला 302 मोजून आलेला रिपोर्ट मी स्वतः हातात धरलेला आहे. कर्ज मंजूर झालेलं होतं.

मग व्हॅल्युअरांनीच एकत्र येऊन किमान फी का ठरवली नाही? प्रयत्न झाले, आजही संघटनांच्या बैठकांत ठराव होतात. पण 2002 च्या स्पर्धा कायद्याने आपसांत दर ठरवून घेण्याला चाप लावला आणि 2009 पासून ती तरतूद लागू आहे. इतर व्यवसायांचं वारंही तसंच वाहत होतं. 1949 च्या सनदी लेखापाल (सीए) कायद्यात दुसऱ्याचं ऑडिट फी पाडून मिळवणं हे स्वतंत्र गैरवर्तन मानलेलं होतं. 2006 च्या दुरुस्तीत ते कलम वगळलं गेलं. लेखापालांच्या मागे निदान संसदेच्या कायद्याने उभी केलेली संस्था होती. व्हॅल्युअरांकडे तीही नव्हती. 1968 पासून चालत आलेली इन्स्टिट्यूशन ऑफ व्हॅल्युअर्स ही सभासदांची संस्था, तिच्या ठरावाला बँक बांधील नाही.

अमेरिकेत याच दुखण्यावर कायदा झाला आहे. तिथे 2009 नंतर बँक आणि व्हॅल्युअर यांच्यामध्ये व्यवस्थापन कंपन्या फोफावल्या आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याची फी कापली जाऊ लागली. 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्याने व्हॅल्युअरला त्या भागातली ‘रूढ आणि वाजवी’ फी दिली पाहिजे असं लिहिलं. वाजवी म्हणजे किती यावर तिथे वाद चालू राहिले, पण निदान ते वाद कायद्याच्या आधाराने चालतात.

आपल्याकडे ऑक्टोबर 2017 मध्ये कंपनी कायद्याच्या कलम 247 खाली नवे नियम आले. परीक्षा आली, दिवाळखोरी मंडळाकडे नोंदणी आली, आचारसंहिता आली. फी कामाच्या प्रमाणात वाजवी असावी, असं त्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटलं आहे. पण हे नियम कंपनी कायदा आणि दिवाळखोरी संहितेखालच्या कामापुरते आहेत. गहाणखताचं, घरकर्जाचं रोजचं काम त्याबाहेर आहे. 2020 मध्ये एम. एस. साहू यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने व्हॅल्युअरांसाठी स्वतंत्र कायदा आणि राष्ट्रीय संस्था सुचवणारा मसुदा दिला. त्याचा कायदा अजून झालेला नाही.

तोवर बँकांच्या पॅनेलच्या अर्जात कलम 34 एबी चा नोंदणी क्रमांक विचारला जातो. संपत्तीकर जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या लेटरहेडवर तो क्रमांक सर्वांत वर छापलेला आहे.