पिकअपचे अलाइनमेंट, उंची उतरवल्यानंतरचे

लिफ्ट किट बसवून उंच केलेल्या पिकअपचे पुढील सस्पेन्शन मूळ उंचीवर किंवा त्याहून खाली आणल्यावर पुढच्या चाकांचे कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर झुकाव), कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे-पुढे कल) आणि टो (वरून पाहता चाकांची टोके आत की बाहेर वळली आहेत ते) हे तीन कोन पुन्हा जुळवण्याची क्रिया. नुसती उंची उतरल्याने जेवढा बिघाड होतो, त्याहून जास्त बिघाड लिफ्टच्या वेळी केलेल्या आणि तशाच राहिलेल्या दुरुस्त्यांमुळे होतो. त्यामुळे काम मोजमापापासून नव्हे, सुट्या भागांपासून सुरू होते.

प्रथम शॉकवरचे स्पेसर, लांब केलेले बंप स्टॉप (आर्मची वरची हालचाल अडवणारे रबर), अँटी-रोल बारचे (गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांडीचे) ठोकळे, डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना शक्ती वाटणारी पेटी) व स्टिअरिंग खाली घेणारे ब्रॅकेट काढावेत. जादा कॅस्टर धरून बनवलेला सस्पेन्शनचा वरचा आर्म (चाकाला चौकटीशी जोडणारी भुजा) असेल तर मूळचा परत बसवणे बरे. स्टिअरिंगचा ब्रॅकेट राहिला तर उभ्या गाडीत टो अचूक दिसतो, पण प्रत्येक खड्ड्यावर बदलतो आणि गाडी भरकटते. लांब बंप स्टॉप राहिला तर आर्म त्यावरच टेकतो.

उंची चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजतात, म्हणजे टायरचा आकार मध्ये येत नाही. टॉर्शन बारच्या (स्प्रिंगऐवजी पिळणाऱ्या पोलादी दांडीच्या) गाडीत पुढची चाके लोंबकळत ठेवून समायोजन बोल्ट सैल करतात. बारच्या टोकाची टॉर्शन की (ताण धरणारा खटका) बदलायची असेल तर बारवरचा ताण त्यासाठीच्या पुलरनेच सोडावा. हा ताण जीवघेणा असतो. नंतर बंपर वर उचलून सोडल्यावर एक आणि खाली दाबून सोडल्यावर एक अशी दोन मापे घेऊन सरासरी धरावी. आर्मच्या सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच कसावेत. जॅकवर कसलेले बुश पिळलेल्या स्थितीत अडकते, गाडीला वर धरून ठेवते आणि लवकर फाटते.

लहान वरचा व लांब खालचा आर्म असलेल्या रचनेत गाडी उतरली की चाकाचा माथा सहसा आत झुकतो, म्हणजे कॅम्बर ऋण होतो. टोयोटाच्या टॅकोमासारख्या गाड्यांत खालच्या आर्मच्या चौकटीकडील पुढच्या व मागच्या अशा दोन्ही सांध्यांना कॅम बोल्ट (फिरवल्यावर सांधा आत-बाहेर सरकवणारे) असतात. दोन्ही सारखे आत नेले तर कॅम्बर धन बाजूला सरकतो. पुढचा आत आणि मागचा बाहेर नेला तर खालचा बॉल जॉइंट (आर्मचा चाकाकडील सांधा) पुढे जाऊन कॅस्टर वाढतो. हेच बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून बसतात, आणि मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीत बहुधा कापूनच काढावे लागतात. नवे बोल्ट व बुश आधीच हाताशी असावेत.

कॅस्टर थेट दिसत नाही. चाक फिरत्या तबकडीवर २० अंश आत व २० अंश बाहेर वळवून कॅम्बरमध्ये पडलेला फरक सुमारे १.५ ने गुणतात. मागची उंचीही इथे महत्त्वाची. ३०८५ मिमी चाकांतराच्या (पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतराच्या) टोयोटा हायलक्समध्ये मागची बाजू पुढच्यापेक्षा ५४ मिमी जास्त उतरली, तर कॅस्टर जवळजवळ १ अंशाने वाढतो. म्हणून मागचे काम उरकूनच अलाइनमेंट करावे.

टो शेवटी, कारण कॅम हलला की टोही हलतो. टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारी दांडी) ॲक्सलच्या पुढे असेल तर तो लांब केल्याने चाकांचे पुढचे टोक बाहेर उघडते. मागे असेल तर नेमके उलट. दोन्ही बाजूंचे रॉड सारखेच फिरवावेत, नाहीतर स्टिअरिंग वाकडे राहते. मिलिमीटरमधला आकडा टायरवर अवलंबून असतो: ३ मिमी एकूण टो ८३८ मिमी व्यासाच्या टायरवर ०.२१ अंश, तर ७६२ मिमीवर ०.२३ अंश. लिफ्टबरोबर बसवलेले मोठे टायर उतरवले असतील तर अंशांत मोजणेच योग्य. टो चुकल्यास टायरवर करवतीसारखे दाते उमटतात, कॅम्बर चुकल्यास एकच कड गुळगुळीत झिजते.

वळणावर आतले चाक जास्त वळते, हा ॲकरमन कोन मात्र जुळवायचा नसतो. तो चुकीचा आला तर स्टिअरिंग आर्म वाकलेला समजावा. नाव रुडोल्फ ॲकरमन याचे असले तरी त्याने १८१८ मध्ये इंग्लंडात पेटंट घेतले ते म्युनिकच्या गेओर्ग लाँकेनश्पेर्गरसाठी, आणि त्याची रचना साधारण १८१६-१७ ची मानतात. इरॅस्मस डार्विनने १७५८ च्या सुमारास असेच काही केले होते, असेही मत आहे. पेटंटपुरते श्रेय लाँकेनश्पेर्गरला देणे अधिक सयुक्तिक.

अखंड ॲक्सलच्या गाड्यांत कॅम्बर बहुधा ठरलेलाच असतो. लिफ्टसाठी घातलेली कॅस्टरची विषम (मध्य सरकलेली) बुशे किंवा स्प्रिंगच्या पाट्यांखालच्या पाचरी काढाव्यात. पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या दांडीमुळे) ॲक्सल बाजूला सरकलेला असतो, तो मध्यावर आणावा. फोर्डच्या १९६५ पासूनच्या ट्विन आय-बीम रचनेत (प्रत्येक पुढच्या चाकाला वेगळी तुळई) उतरवताच कॅम्बर बराच ऋण होतो, तो विषम बुशांनी सुधारतात.

गाडी कमी कॅस्टर किंवा जास्त धन कॅम्बर असलेल्या बाजूकडे ओढते. अमेरिकेत रस्त्याचा उतार उजवीकडे असल्याने उजव्या चाकाला अर्ध्या अंशापर्यंत जादा कॅस्टर देतात. भारतात डाव्या चाकाला. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांत बदल करण्यास मर्यादा आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ जानेवारी २०१९ च्या निर्णयानंतर या कलमाचा अर्थ अधिक कडक झाला आणि मूळ उंचीवर परतण्याला ते एक कारण ठरते. इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा असलेल्या गाडीत शेवटी स्टिअरिंग कोनाचा सेन्सर शून्यावर आणावा आणि हेडलाइट पुन्हा वर-खाली करून जुळवावेत.