तुऱ्यावर देवी की गजकर्ण?

गेल्या भाद्रपदात आमच्या मंजुळा कोंबडीच्या तुऱ्यावर काळ्या खपल्या आल्या. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली, ती मी रोज लावली आणि तीन आठवड्यांत तुरा पूर्वीसारखा लालभडक झाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हे तेव्हा कुठं कळायला! ट्यूब फळीवर मानानं जपून ठेवली. यंदा धाकट्या चिंगीचा तुरा पांढरा पडायला लागला तेव्हा तीच काढली. चार महिने लावली. तुरा जरा निवळायचा, मी हात आखडला की आठवड्यात पुन्हा पीठ भुरभुरल्यासारखा व्हायचा.

शेजारच्या काकू दोन्ही वेळा कुंपणावरून एकच म्हणाल्या, "अगं, देवी आल्यात तिला." पहिल्या वेळी त्यांचं बरोबर होतं.

कोंबडीच्या देवी हा विषाणूचा आजार. माणसाच्या देवींशी त्याचं नातं नावापुरतं आणि लांबच्या भाऊबंदकीचं. कोंबडीकडून तो आपल्याला होत नाही. पसरवतात मुख्यतः डास, म्हणून पुण्यातल्या आमच्या धायरीसारख्या भागात पावसाळ्यात आणि पाऊस ओसरता ओसरता तो हमखास दिसतो. सुरुवातीला तुऱ्यावर, डोळ्यांभोवती, चोचीच्या कडेला फिकट बारीक फोड येतात. ते वाढतात, पिवळसर होतात, मग सुकून काळपट, खडबडीत खपली धरते. हे सगळं दिवसांच्या हिशेबात घडतं आणि साधारण तीन-चार आठवड्यांत खपल्या आपोआप गळतात. विषाणूवर औषध नाही. जखमेला आयोडीन लावायचं ते वरून दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून. खपली नखानं काढायची नाही: खाली रक्त येतं आणि खपलीतच विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. मंजुळा बरी झाली ती अशी, मुदत संपली म्हणून. श्रेय ट्यूबनं खाल्लं.

गजकर्ण ही बुरशी. पक्ष्यांच्या या गजकर्णाला फेव्हस म्हणतात आणि तो बहुधा मायक्रोस्पोरम गॅलिनी नावाच्या बुरशीमुळे होतो. फोड नाही, पू नाही, काळं काही नाही. तुऱ्यावर आणि गळ्याखालच्या लोंबत्या लाल कातडीवर पांढरे कोरडे ठिपके येतात, ते एकमेकांत मिसळतात आणि चुना फासल्यासारखा थर जमतो. दुर्लक्ष केलं तर तो पिसांच्या भागात उतरतो, पिसांच्या मुळांभोवती खपल्या धरतात आणि कुबट वास येतो. कोंबडी तोवर खात-पीत असते, म्हणून आपणही निवांत असतो. आणि याला मुदत नसते.

मला विचाराल तर रंगापेक्षा कॅलेंडर जास्त खरं बोलतं. सुकत आलेल्या देवीची खपलीही कधी राखाडी दिसते आणि मातीत लोळून आलेल्या कोंबडीचा तुरा पांढरा दिसतोच. दर तीन-चार दिवसांनी त्याच उजेडात मोबाइलवर फोटो काढा. फोडाची खपली होऊन महिन्याभरात गळून गेली तर देवी. महिना उलटूनही पांढरा पट्टा इंचाइंचानं सरकतोय तर बुरशी. खात्री हवी असेल तर पशुवैद्यकाकडून कातडीची खरवड घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघता येते. बुरशी वाढवून ओळखायची तर दोन-चार आठवडेही लागतात. आपल्याकडे पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळा आहे, नमुना तिथं कसा द्यायचा ते डॉक्टरांनाच विचारा.

माझ्या मानाच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते मी चार महिन्यांनी वाचलं. बुरशीचं औषध होतं, सोबत क्लोबेटासोल, म्हणजे स्टेरॉइड. त्यानं लाली आणि खाज दबते, कातडीची झुंजायची ताकदही दबते आणि खाली बुरशी निवांत पसरते. माणसांचं गजकर्ण आपल्याकडे इतकं चिवट झालंय त्यातही अशा मिश्र मलमांचा मोठा हात आहे. पक्ष्यांना तर कातडीतून शिरलेलं स्टेरॉइड फारच बाधतं.

डॉक्टरांनी दिलं ते साधं मायकोनाझोल, एकटं. आधी कोमट पाण्यानं थर भिजवून जेवढा सहज सुटेल तेवढाच काढायचा, कोरडं करायचं आणि पातळ हात फिरवायचा. पिसं तेलकट करायची नाहीत. खरी गोम पुढं आहे: तुरा स्वच्छ दिसल्यावरही दोन आठवडे लावत राहायचं. अंडी खायची की नाही हे औषध सुरू करतानाच विचारून घ्या, आणि पोटात द्यायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं नकोत. हातमोजे घाला, कारण ही बुरशी क्वचित माणसालाही लागते. चिंगीला वेगळं ठेवलं, खुराड्यातलं तूस जाळलं, बसायच्या दांड्या ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसून उन्हात टाकल्या. तसं केलं नसतं तर तिनं रोज रात्री त्याच बुरशीत जाऊन झोपायचं आणि मी रोज सकाळी क्रीम लावायचं, असं वर्षभर चाललं असतं.

देवीच्या बाबतीत खुराड्याबाहेरचं बघावं लागतं: कुंड्यांच्या ताटल्यांतलं पाणी ओता, खुराड्याला बारीक जाळी लावा. त्याची लसही आहे, पंखाच्या पातळ पडद्यात दुहेरी सुईनं टोचतात, आणि आठ-दहा दिवसांनी तिथं छोटी गाठ दिसली की लस लागू पडली. एक मात्र लक्षात असू द्या. देवी घशात उतरल्या, तोंडात पिवळट चिकट थर दिसला आणि कोंबडी चोच उघडून श्वास घ्यायला लागली, तर कॅलेंडर बघत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

चिंगीचा तुरा लाल होऊन आज नववा दिवस. अजून पाच दिवस क्रीम आहे. मी हातमोजे चढवताना दिसले की ती पेरूच्या झाडावर जाऊन बसते.