कवडी

कवडी म्हणजे एका लहान समुद्री गोगलगायीचे कवच. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरीचा किनारा गाठायचा तर शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास. तरीही अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या दुकानांत, जोगतिणींच्या गळ्यात आणि जुन्या घरांतल्या सारीपाटाच्या पिशवीत कवडी घरची असल्यासारखी असते.

प्राण्याचे शास्त्रीय नाव मोनेटारिया मोनेटा. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसने १७५८ मध्ये त्याचे वर्णन केले आणि नावातच नाणे गुंफले. लांबी बहुधा दोन-तीन सेंटिमीटर. हिंदी व प्रशांत महासागरांच्या उष्ण, उथळ पाण्यात, प्रवाळांच्या आसपास तो शेवाळ खाऊन राहतो. पिल्लाचे कवच पातळ आणि रुंद तोंडाचे, चारचौघा गोगलगायींसारखे असते. प्रौढ होताना त्याची कड आत वळते, जाड होते, दोन्ही काठांवर दात उमटतात आणि तोंडाची नुसती फट उरते. माळेत दिसणारी दातेरी फट ही त्या जीवाच्या पूर्ण वाढीची खूण आहे. कवडीची झिलईही त्याचीच. प्रावार नावाच्या मांसल आवरणाच्या घड्या फटीतून बाहेर येऊन कवचावर दोन्ही बाजूंनी चढतात आणि पाठीवर चुन्याचे गुळगुळीत थर देत राहतात. इतके देखणे काम करणारा हा जीव माळ घालणाऱ्यांना सहसा ठाऊकही नसतो.

पूर्वी कवडी नाण्यासारखी चाले, आणि चलनातल्या या कवड्या मुख्यतः मालदीवहून येत. चौदाव्या शतकात इब्न बतूता या प्रवाशाने तिथली रीत नोंदवली: प्राणी खड्ड्यात टाकायचे, मांस कुजून गेले की पांढरे कवच उरते, पुढे बंगालात त्याच्या बदल्यात तांदूळ मिळे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) वीस कवड्यांची एक काकिणी आणि चार काकिणींचा एक ‘पण’ (जुने नाणे), असे कोष्टक आहे. म्हणजे एका पणाला ऐंशी कवड्या. कवडीमोल, कवडीचुंबक हे शब्द या हिशेबातूनच समजतात.

कोल्हापुरात कवडीचा खरा मान यल्लम्मा-रेणुकेच्या भक्तांत. मार्गशीर्ष पौर्णिमेला इथले भाविक मोठ्या संख्येने सौंदत्तीच्या डोंगरावर जातात; परतल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते. चौंडके या तंतुवाद्याचा ठेका, डोक्यावर ‘जग’ म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, हातात परडी, गळ्यात कवड्यांची माळ आणि ‘उदं गं आई उदं’चा गजर. गोंधळीही अशीच माळ घालतात. ओवण्यासाठी कवडीच्या पाठीचा फुगवटा घासून किंवा फोडून काढतात आणि दोरा तिथून फटीत आणतात. मोनेटारिया ॲन्युलस या जवळच्या जातीच्या पाठीवर नारिंगी कडे असते; पाठ गेली की ती खूणही जाते, आणि माळेत कोणती कवडी कोणत्या जातीची हे ओळखणे अवघड होते.

सारीपाटाच्या कवडीची पाठ मात्र शाबूतच लागते. एक बाजू फुगीर, दुसरी सपाट, म्हणून ती उताणी पडेल की पालथी हे टाकणाऱ्याच्या हाती राहत नाही. ओंजळीत खुळखुळवून टाकल्यावर जितक्यांची फट वर, त्यावरून दान.