धीर कुठे सुटतो, हिय्या कुठे होतो

धीर देता येतो, धरता येतो, तो सुटतो, खचतो. 'धीर निघत नाही' म्हणताना तर भीतीचा संबंधही नसतो, नुसती घाई असते. धाडसाचं तसं नाही. धाडस करावं लागतं. 'त्याला जरा धाडस दे' असं कोणी म्हणत नाही. हिंमत दोन्हींच्या मधली. ती असते, होते, खचते आणि भांडणात अंगावर फेकली जाते: 'तुझी हिंमत कशी झाली?' हिय्या मात्र एका क्षणापुरता, आणि तोही बहुतेक वेळा 'मनाचा'. शब्दकोशात हे शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून येतात, पण बोलणारा त्यांची अदलाबदल सहसा करत नाही. भीतीच्या शरीरशास्त्राकडे पाहिलं तर बोलणाऱ्याचंच बरोबर वाटतं.

वॉल्टर कॅनन हा अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ क्ष-किरणांखाली मांजरांचं पचन पाहत असे. मांजर बिथरलं की त्याच्या पोटाची हालचाल थांबते, हे त्याच्या लक्षात आलं. पुढे १९१५च्या पुस्तकात त्याने याची संगती लावली: संकटात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं. लाळ कमी आणि घट्ट होते, तळव्यांना घाम सुटतो, केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आकसतात. म्हणजे छातीत धडधडणं, पोटात गोळा येणं, तोंडाला कोरड पडणं, अंगावर काटा येणं ही सगळी जवळपास लक्षणांची यादीच आहे. ('पाचावर धारण बसणे' हा अपवाद, धारण म्हणजे धान्याचा भाव.) 'जिगर' म्हणजे फारसीत यकृत. शौर्य तिथे राहत नाही, पण यकृताला अगदीच बेदखल करू नये: ॲड्रेनॅलिन पोचताच तेच साखर रक्तात सोडतं आणि पळायला बळ पुरवतं.

'हातपाय गळणे' मात्र या यादीत बसत नाही. रक्त किंवा सुई पाहून काहींची नाडी आणि रक्तदाब आधी वाढतात आणि मग दोन्ही एकदम कोसळतात. चेहरा पांढराफटक पडतो, जांभया येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खाली बसतो. अशा माणसाला 'अंग सैल सोड, शांत हो' सांगणं चुकीचं आहे, कारण घसरलेला रक्तदाब त्याने आणखी घसरतो. स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात याच्या उलट उपाय रूढ केला. खुर्चीत बसून हात, पोट आणि पायांचे स्नायू १० ते १५ सेकंद आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत. मग २० ते ३० सेकंद नेहमीसारखं बसायचं, पण पूर्ण ढिलं पडायचं नाही. असं पाच वेळा. सराव घरी आधीच करायचा. प्रयोगशाळेत रक्त देताना सुईचा हात सैल ठेवून बाकीचं अंग आवळायचं. दोन चुका नेहमी होतात: आवळताना श्वास रोखला जातो, आणि सुरुवात उशिरा होते. पहिली जांभई किंवा मळमळ हीच खूण धरावी. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असेल, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

धडधडीवर उपाय निराळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, असं काही मिनिटं करावं. 'मोठमोठे श्वास घे' हा सल्ला घरोघरी मिळतो आणि तोच बिघडवतो. भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि घाबरलेल्याला वाटतं की आता काहीतरी भयंकर होणार.

धीर दुसऱ्याकडून मिळतो, यालाही प्रयोगाचा आधार आहे. जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली १६ विवाहित स्त्रियांचे मेंदू स्कॅनरमध्ये पाहिले. आता विजेचा झटका बसू शकतो अशी सूचना त्यांना मधूनमधून मिळत होती. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणारे भाग सर्वांत शांत होते. अनोळखी माणसाचा हातही उपयोगी पडला, पण कमी. संसार जितका सुखाचा, तितका परिणाम जास्त.

धीर धरणं हे मात्र ज्याचं त्याने करायचं काम, आणि ते वेळखाऊ आहे. भीती टिपेला असताना माणूस पळाला की सुटकेचा जो आनंद होतो तो पळण्याचंच बक्षीस ठरतो आणि पुढच्या वेळी पाय आणखी लवकर मागे फिरतात. भीती उतरू लागेपर्यंत थांबलं, तर 'काही झालं नाही' हे मेंदू शिकतो. त्याने जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी आठवण तयार होते. म्हणूनच गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला मुलगा धरणाच्या पाण्यात पुन्हा बिचकतो. भीड तिथेही चेपावी लागते. आणि पाठीला बांधलेला डबा कधीतरी सोडावा लागतो, नाहीतर वाचलो ते डब्यामुळे, अशीच मनाची समजूत राहते. धीर देणाऱ्या माणसालाही हे लागू आहे, हे आईबापांच्या लवकर लक्षात येत नाही.

सरावाने भीती नाहीशी होते असंही नाही. १९६०च्या दशकात फेन्झ आणि एपस्टाइन यांनी पॅराशूटने उडी घेणाऱ्यांचे ठोके मोजले. नवख्यांचे उडीच्या क्षणापर्यंत वाढतच गेले. मुरलेल्यांचेही वाढले, पण त्यांची टीप आधीच येऊन गेली आणि विमानाच्या दारात उभं राहीपर्यंत ठोके उतरले होते.

राहिला हिय्या. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी तोही २०१०मध्ये स्कॅनरमध्ये पकडला. सापाला भिणारी माणसं आत झोपलेली, डोक्यामागे सरकत्या पट्ट्यावर जिवंत पण बिनविषारी साप, आणि बटण त्यांच्याच हातात: जवळ आणा किंवा दूर न्या. भीती वाटत असूनही साप जवळ आणला, त्या वेळी मेंदूच्या पुढच्या भागात मध्यभागी, खोलवर असलेला एक पट्टा जास्त सक्रिय होता. घाम मोजून शरीराची खळबळही नोंदली होती. मनातली भीती जास्त पण शरीर शांत असेल, किंवा शरीर खवळलेलं पण मन फारसं घाबरलेलं नसेल, तर साप जवळ येत असे. दोन्ही एकदम चढले की हिय्या होत नसे. दोहोंपैकी शरीर हाताळायला सोपं, आणि कोणत्या भीतीत ते सैल सोडायचं नि कोणत्या भीतीत आवळायचं हे छातीत धडधडतं की जांभई येऊन अंधारी येते, यावरून ठरवता येतं.