हसताना गळणारे गुडघे आणि मेंदूतले हायपोक्रेटिन

इंदूरच्या रामबागेत गणपतीच्या मांडवात, आरती आटोपल्यावर, कोणीतरी नक्कल केली आणि सगळे हसले. ओळखीच्या घरातल्या एकोणीस वर्षांच्या मुलाची हनुवटी मात्र छातीवर टेकली, हातातली प्रसादाची वाटी निसटली आणि गुडघे दुमडून तो खाली बसला. मिनिटभराने तो उठला, आणि तेवढ्या वेळात कोण काय बोलले हे त्याने जसेच्या तसे सांगितले. घरी मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. वर्गात झोपतो म्हणून आळशी तर तो आधीच ठरला होता.

शुद्ध न हरपता हसण्याने स्नायूंतले बळ जाणे म्हणजे कॅटाप्लेक्सी. तिच्या जोडीला दिवसा अनावर झोप येत असेल, तर तो बहुधा पहिल्या प्रकारचा नार्कोलेप्सी हा विकार असतो. ही बाधा नव्हे, आणि दृष्ट काढण्यात गेलेली वर्षे मुलाच्या शिक्षणातून वजा होतात.

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये हजारो चेतापेशींचा एक लहानसा समूह हायपोक्रेटिन नावाचे प्रथिनखंड तयार करतो. १९९८ मध्ये दोन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधले, म्हणून त्याला ओरेक्सिन हे दुसरेही नाव आहे. या पेशींचे तंतू मेंदूतल्या जागृतीच्या केंद्रांपर्यंत पोचतात. त्यांपैकी एक केंद्र हिस्टामिनचे असते. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी झोप येते ती मेंदूतल्या याच हिस्टामिनचे काम अडल्यामुळे. हायपोक्रेटिन या केंद्रांना सतत चेतवत ठेवते, त्यामुळे जाग आणि झोप यांच्यातला तराजू दिवसभर जागेकडे झुकलेला राहतो. स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू मुद्दाम सैल सोडतो, म्हणजे स्वप्नात धावणारा माणूस पलंगावरून उठून धावत नाही. या आजारात हायपोक्रेटिनच्या पेशी नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे हसण्यासारख्या भावनेच्या उसळीने तीच सैल सोडण्याची यंत्रणा भर जागेपणी सुरू होते आणि तिला आवरणारे काही उरत नाही.

पाठीच्या कण्यातून काढलेल्या मेरुद्रवात एका मिलिलिटरमागे ११० पिकोग्रॅम किंवा त्याहून कमी हायपोक्रेटिन आढळले, तर निदानाला भक्कम आधार मिळतो. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. या जैवसूचकाचे मोल मला यासाठी वाटते की जे नसल्यामुळे आजार होतो, तेच इथे मोजले जाते. याउलट डीक्यूबी१*०६:०२ हा जनुकप्रकार कॅटाप्लेक्सी असलेल्या बहुतेक सर्व रुग्णांत सापडत असला, तरी तो कित्येक निरोगी माणसांतही असतो. म्हणून केवळ त्याच्या अहवालावरून कोणालाही रोगी ठरवता येत नाही. रक्तातले हायपोक्रेटिन मोजून हे निदान होत नाही, त्यामुळे रक्ताच्या थेंबावरून झोपेचे सगळे विकार ओळखून देतो असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

सुई प्रत्येकाला टोचावी लागत नाही. त्या मुलाला रात्रभराच्या झोपेच्या तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांच्या अंतराने पाच वेळा अंधाऱ्या खोलीत आडवे केले. एरवी स्वप्नांची झोप यायला तासाहून अधिक वेळ लागतो. पाचांपैकी चार वेळा तो पंधरा मिनिटांच्या आत तिच्यात शिरला होता.