रूट कॅनॉल केलेल्या दातानं कॅन्सर होतो का?
सांगलीत आमच्या गल्लीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय, रूट कॅनॉलच्या दातात जंतू अडकतात न् कॅन्सर होतो, दात काढूनच टाका. भीती वाटणं साहजिकै, पण हे खरं नाही. १९२० च्या आसपासच्या प्रयोगांवरनं ही समजूत पसरली, पुढच्या नीट तपासणीत ती टिकली नाही. आता खराब नस काढून बारीक फाईलनं (कानशीसारख्या सुईनं) मुळातली नळी घासतात, सोडियम हायपोक्लोराईट या जंतुनाशकानं धुतात, आणि फाईल पोचत नाही तिथल्या फटींत ते औषध अल्ट्रासॉनिक कंपनांनी खेळवतात, मग गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थानं घट्ट बंद करतात. सगळेच जंतू मरतात असं नाही, पण उरलेले आत कोंडले जातात. दात बरा होतोय याची खात्री करायचीय? आधीचा न् वर्षानंतरचा एक्स-रे डॉक्टरांकडून शेजारी ठेवून बघा, मुळाच्या टोकाचा काळा डाग लहान झाला असेल तर हाड भरतंय.